चार रात्री, पाच दिवस : खान्देशात विकल्या जाणाऱ्या बँकॉक-पटाया पॅकेजची झाडाझडती

खान्देशात पटाया दोन वाटांनी येतं. पहिली वाट कृषी केंद्रांची आणि सिमेंट-पत्र्याच्या दुकानांची. बियाण्याच्या, खताच्या नाहीतर पाइपच्या कंपनीने ठरवून दिलेला माल उचलला की डीलरला ‘बँकॉक टूर’ लागते. दुसरी वाट जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूरच्या ट्रॅव्हल एजंटांची. दिवाळीनंतर आणि मे महिन्यात तिथे एकच कागद टेबलावर येतो : दोन रात्री पटाया, दोन रात्री बँकॉक, भारतीय जेवण, कोरल आयलंड, एक शो, सिटी टूर. एजंट बदलला तरी कागद बदलत नाही. तिथली गाडी, हॉटेल, गाइड ही सगळी व्यवस्था बँकॉक-पटायातल्या ठोक कंपन्या लावतात आणि इथला एजंट ती किरकोळीत विकतो, एवढंच.

हे परीक्षण त्या कागदाचं. निकाल आधीच सांगतो : पटायाला जावं, पण हा कागद आहे तसा सही करू नये. त्यातल्या दोन रात्रींत शहराचा मधला तीन किलोमीटरचा पट्टा तेवढा दिसतो. पाहण्यासारखं बहुतेक सगळं त्याच्या उत्तरेला नाकलुआत आणि दक्षिणेला जोमतिएनच्या पलीकडे आहे.

असं का झालं, ते इतिहासात आहे. पटाया बँकॉकच्या आग्नेयेला साधारण १५० किलोमीटरवर, चोनबुरी प्रांतात, थायलंडच्या आखातावर वसलेलं. १७६७ मध्ये तेव्हाची राजधानी अयुथ्थया ब्रह्मी फौजेच्या हाती पडली. त्याच्या थोडं आधी फ्राया ताक, म्हणजे पुढचा राजा ताकसिन, वेढ्यातून निसटून पूर्व किनाऱ्याकडे निघाला आणि त्याच्या फौजेचा तळ इथे पडला, असं तिथे सांगतात. पुढे जवळजवळ दोनशे वर्षं हे कोळ्यांचं गाव होतं. जून १९५९ मध्ये ईशान्य थायलंडमधल्या कोरातच्या छावणीतले अमेरिकन सैनिक ट्रकांत बसून सुट्टीसाठी इथे आले आणि किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला त्यांनी घरं भाड्याने घेतली. मग व्हिएतनाम युद्ध पेटलं. जवळच्या सत्ताहीपला ऊ-तापाओचा तळ झाला, बी-५२ बॉम्बफेकी विमानं तिथून उडू लागली आणि सुट्टीवरच्या सैनिकांची रीघ लागली. १९७६ पर्यंत अमेरिकन फौजा थायलंडमधून निघून गेल्या, पण दक्षिण टोकाचे बार, खानावळी आणि भाड्याच्या खोल्या जागच्या जागी राहिल्या. १९७८ मध्ये पटायाला स्वतंत्र कारभार असलेल्या शहराचा दर्जा मिळाला. आजची वॉकिंग स्ट्रीट, म्हणजे बार-डिस्कोंचा रस्ता, त्याच दक्षिण टोकाला आहे आणि ठोक कंपन्यांची स्वस्त हॉटेलं तिच्याच आसपास. तुमच्या व्हाउचरवरचा हॉटेलचा पत्ता असा साठ वर्षं जुन्या बाजारपेठेने ठरवलेला असतो.

गर्दीची किंमत समुद्राने मोजली. ऐंशी-नव्वदच्या दशकात शहर वाढलं, सांडपाण्याची सोय मागे पडली. वाळूही झिजत गेली. किनारा अगदी अरुंद उरला, तेव्हा २०१८-१९ मध्ये बाहेरून वाळू आणून तो पुन्हा साधारण ३५ मीटर रुंद केला. आता तो संध्याकाळी फिरायला छान आहे, पोहायला मात्र नाही. जोराचा पाऊस झाला की शहराचं पाणी याच वाळूतून ओघळी पाडत समुद्रात उतरतं. त्यानंतरचे एक-दोन दिवस मुलांना तिथे पाण्यात सोडू नये. पॅकेजवाले अंघोळीसाठी बेटावर नेतात, ते याचमुळे.

निघताना

मुंबईहून बँकॉक साडेचार तासांचं विमान, आणि तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. पॅकेजमधली विमानं बहुधा रात्री उशिरा सुटतात आणि पहाटे बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरतात. जळगाव-भुसावळकरांनी त्याच दिवशीच्या गाडीवर विसंबायचं तर सकाळी मुंबईला पोचणारी धरावी, दुपारी चारला पोचणारी नको. ठाण्याला किंवा दादरला उतरून तिथून टॅक्सी. धुळ्याकडून रस्त्याने येणाऱ्यांनी कसारा घाट आणि भिवंडीची कोंडी धरून पावसाळ्यात किमान तीन तास हाताशी ठेवावेत. नंदुरबार, शहादा, नवापूरच्या लोकांनी सुरतेचाही विचार करावा. २०२४ च्या डिसेंबरात सुरतहून थेट बँकॉक विमान सुरू झालं. सध्याचं वेळापत्रक मात्र बुकिंगच्या वेळीच पाहून घ्यावं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीय पासपोर्टला पर्यटन व्हिसा माफ केला. व्हिसाचे आणि मुदतीचे नियम बदलत राहतात, म्हणून सध्या काय लागू आहे ते तिकीट काढताना तपासावं. १ मे २०२५ पासून एक डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं आहे. ते थायलंडच्या इमिग्रेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत, फुकट भरायचं असतं. ‘व्हिसा फॉर्म फी’ म्हणून कोणी त्याचे माणशी पाचशे-हजार लावत असेल तर द्यायचं कारण नाही. पासपोर्टवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळतंय का, हे तिकीट निघायच्या आधी पाहावं. आपल्याकडे नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लावायची पद्धत असल्याने गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

पहिला दिवस वाया का जातो

विमान पहाटे पाचला उतरतं. इमिग्रेशन, सामान, ग्रुप जमणं यात दीड तास. पटायापर्यंत मोटरवेने दोन तास. म्हणजे नऊच्या सुमारास माणसं हॉटेलच्या दारात, आणि खोली मिळणार दुपारी दोनला. रात्रभर जागलेल्या आबा-आजींना लॉबीतल्या सोफ्यावर पाच तास बसवून ठेवणं हा या पॅकेजचा सगळ्यात मोठा दोष आहे, आणि तो कागदावर दिसत नाही. उपाय दोन. एक, ‘लवकर चेक-इन’ व्हाउचरवर लिहून घ्यायचं. ‘बघू, मिळून जाईल’ याचा अर्थ मिळणार नाही. दोन, आदल्या रात्रीचं भाडं भरून खोली घ्यायची. पटायातल्या साध्या हॉटेलात चारजणांच्या कुटुंबाला हे परवडतं. तरुण मंडळी असतील तर सामान हॉटेलात टाकून थेट सँक्चुअरी ऑफ ट्रुथ ही लाकडी वास्तू गाठावी (तिच्याबद्दल पुढे), वेळ सत्कारणी लागतो.

खोली ताब्यात घेताना रोख अनामत मागतात, साधारण हजार-दोन हजार बाथ (बाथ म्हणजे थाई चलन). ती जाताना परत मिळते, म्हणून पावती जपावी. खोलीत सिगारेट ओढली, टॉवेलला डाग पडला, ड्युरियन किंवा मँगोस्टीन फळ आत नेलं, तर त्यातून कापतात. मँगोस्टीनच्या सालीचा जांभळा डाग चादरीवरून निघत नाही, ड्युरियनचा वास एसीतून मजलाभर पसरतो. बॅगेत इंडक्शन शेगडी नेऊन खोलीत खिचडी शिजवायचा बेत असेल तर तो सोडा. छतावरचा धुराचा भोंगा वाजला की सगळं हॉटेल खाली उतरतं. मजल्यावरचा आगीचा जिना कुठे आहे आणि दार उघडतं का, हे मात्र पहिल्याच दिवशी बघून ठेवावं. जुलै १९९७ मध्ये जोमतिएनच्या एका मोठ्या हॉटेलला आग लागून नव्वदच्या आसपास माणसं गेली. बाहेर पडायची दारं बंद होती, हे त्यामागचं एक मोठं कारण.

पहिल्या संध्याकाळी शो असतो : अल्काझार किंवा टिफनी. टिफनी १९७४ पासूनचं, अल्काझार १९८१ पासूनचं. दोन्हींत तृतीयपंथी कलाकार नाच-गाण्याचे देखावे करतात. तासा-सव्वातासाचा खेळ, एखादं हिंदी गाणंही असतं. त्यात अश्लील काही नाही, घरच्या बायामाणसांसोबत बसायला हरकत नाही. रंगमंच, प्रकाश, कपडे यांवर मेहनत दिसते. पॅकेजमध्ये बहुधा साधी सीट असते, व्हीआयपीसाठी जागेवर जादा पैसे मागतात. उंच माणूस पुढे बसला नाही तर साध्या सीटवरूनही चांगलं दिसतं. खेळ संपल्यावर कलाकार बाहेर उभे राहतात. फोटो काढला की प्रत्येकी शंभर बाथ. तिघांच्या मधे उभे राहिलात तर तिघांचे द्यावे लागतील; फोटोआधीच बोटांनी विचारून घ्यावं.

कोरल आयलंडचा दिवस

पॅकेजचा गाभा हाच, आणि पैसेही इथेच सुटतात. कागदावरचं ‘कोरल आयलंड’ म्हणजे कोह लान, किनाऱ्यापासून साधारण सात किलोमीटरवरचं बेट. सकाळी साडेआठ-नऊला गाडी येते, मग स्पीडबोट. ही बोट थेट बेटावर जात नाही. आधी समुद्रातल्या एका तरंगत्या फलाटावर थांबते : पॅरासेलिंग. मग दुसऱ्या ठिकाणी : सी-वॉक, म्हणजे काचेचं शिरस्त्राण घालून समुद्राच्या तळावर चालणं. ‘इन्क्ल्यूडेड’ असते ती फक्त बोट आणि परतल्यावरचं जेवण. हे खेळ नव्हेत. पॅरासेलिंगला पाच-सहाशे बाथ, सी-वॉकला हजार-बाराशेच्या पुढे. गाइडला त्यात वाटा असतो, म्हणून जो काही करणार नाही त्यालाही फलाटावर उन्हात तासभर थांबावं लागतं. शेवटी बेटावर हातात उरतात दीड-दोन तास, तेही तावाएन किनाऱ्यावर, जिथे दहा ते तीन या वेळेत सगळ्या पॅकेजांची माणसं एकाच वेळी उतरलेली असतात.

खेळ करायचेच असतील तर काही गोष्टी माहीत हव्यात. पॅरासेलिंगच्या पट्ट्याचे दोन्ही मांड्यांचे बंद आवळलेत का ते स्वतः पाहावं. उतरताना पाय गुडघ्यात किंचित वाकवून ठेवावेत, ताठ पायांनी फलाटावर आपटलं की घोटा मुरगळतो. सी-वॉकमध्ये खाली जाताना कान दुखतो. शिरस्त्राणाच्या आत हात घालून नाक दाबायचं आणि हळूच हवा फुंकायची. सर्दी असेल तर हा खेळ नकोच, कानाचा पडदा दुखावतो. दमा, हृदयविकार आणि गरोदरपण असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये.

स्पीडबोट लाटांवर आपटते. पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त उसळते, मागे इंजिनाजवळ सगळ्यात कमी. कंबरदुखीची नाना-काकू मंडळी मागे बसवावीत, गरोदर बाईने स्पीडबोट टाळावी. उलटीची गोळी बोटीत बसल्यावर काम करत नाही, तासभर आधी घ्यायची. चढता-उतरताना पाणी गुडघ्यापर्यंत येतं, म्हणून साडी त्या दिवशी बॅगेत राहू द्यावी.

दुसरा मार्ग पॅकेजवाले सांगत नाहीत. पटायाच्या बाली हाय धक्क्यावरून साधी फेरी बोट जाते. माणशी ३० बाथ, पाऊण तास. ती नाबान गावाच्या धक्क्याला किंवा तावाएनला लागते. नाबानला उतरून सोंगथाव, म्हणजे मागे दोन बाकडी असलेली छोटी पिकअप, पकडली की सामाए किंवा तिएन किनारा. दोन्हींचं पाणी तावाएनपेक्षा मोकळं, वाळू पांढरी, आणि डोकं खाणारे विक्रेते कमी. आठच्या आत निघालात तर दहाची गर्दी यायच्या आत तासभर निवांत मिळतो. शेवटची फेरी किती वाजता, हे उतरताना धक्क्यावरच्या पाटीवर पाहून ठेवावं. संध्याकाळी ती चुकली की स्पीडबोटवाला म्हणेल ती किंमत. फेरीत वरच्या मजल्यावर सगळ्यांनी गर्दी करू नये, आणि लाइफ जॅकेट नुसतं शेजारी न ठेवता घालावं. २०१३ च्या नोव्हेंबरात बेटावरून परतणारी, जादा माणसं भरलेली फेरी बुडून माणसं दगावली होती. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्येचा वारा असतो तेव्हा सामाएच्या बाजूला लाटा उठतात आणि जेलीफिशही येतात. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही.

पटाया किनाऱ्यावरच्या जेट-स्कीबद्दल, म्हणजे पाण्यावरच्या स्कूटरबद्दल, एकच सल्ला : घेऊ नये. परत केल्यावर ‘हा ओरखडा तुम्हीच पाडलात’ म्हणून हजारो बाथ मागण्याचा प्रकार तिथे इतका जुना आहे की स्थानिक प्रशासनालाही त्यावर वेळोवेळी बैठका घ्याव्या लागल्या. घ्यायचीच झाली तर आधी चारही बाजूंनी आणि तळाचं चित्रीकरण करावं आणि पासपोर्ट कधीही गहाण ठेवू नये. वाद झालाच तर टुरिस्ट पोलिसांचा क्रमांक ११५५.

जेवण

पॅकेजचं ‘भारतीय जेवण’ म्हणजे ठरलेल्या हॉटेलात बुफे : पिवळी डाळ, पनीर, एक सुकी भाजी, भात, नान, पापड. पोट भरतं. चव पंजाबी नाहीतर गुजराती वळणाची असते. काळ्या मसाल्याची शेवभाजी, भरीत-भाकरी किंवा बट्टी यांची अपेक्षा धरून जाऊ नये. अडचण चवीपेक्षा वेळेची आहे. जेवणाची वेळ सात ते नऊ, शो संपतो आठ-साडेआठला, आणि गाडी सगळ्यांना गोळा करून निघेपर्यंत बुफे आवरत आलेला असतो. जेवण शोच्या आधी की नंतर, हे गाइडकडून दुपारीच ठरवून घ्यावं.

जळगाव-धुळ्याकडच्या जैन कुटुंबांनी ‘जैन जेवण’ व्हाउचरवर नावानिशी लिहून घ्यावं. आयत्या वेळी मागितलं की आचारी वरचा कांदा बाजूला करून तीच भाजी देतो. बाहेर खाताना लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे थाई भाजीतही मासा असतो. नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस, कापी म्हणजे कोळंबीची पेस्ट, आणि ऑइस्टर सॉस. ‘नो मीट’ म्हटलं तर मांस काढतात, हे तीन तसेच राहतात. त्यापेक्षा ‘किन जे’ म्हणावं. जे म्हणजे तिथल्या चिनी वंशाच्या लोकांचं कडक शाकाहारी व्रताचं जेवण : मांस-मासे-अंडी-दूध नाही, लसूण-कांदाही नाही. बटाटा-गाजर मात्र चालतं, तेवढं जैनांनी वेगळं सांगावं. जे विकणाऱ्या गाड्यांवर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नऊ दिवसांचा जे-उत्सव असतो, तेव्हा असे झेंडे गल्लोगल्ली दिसतात. शाकाहारी माणसाला खाण्याच्या दृष्टीने हाच काळ सोपा, फक्त तो पावसाचा असतो.

सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, ही ठेचा खाणाऱ्या माणसाला पहिल्या घासात आपली वाटेल. खलात मिरची, लसूण, शेंगदाणे कुटून करतात, अगदी आपल्या खलबत्त्यातल्या ठेच्यासारखं. मात्र त्यात सुकी कोळंबी आणि नाम प्ला पडतं, शाकाहारी असाल तर कुटायच्या आधी थांबवा. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात बिनधास्त खावा. एप्रिल-मेमध्ये आंबा उत्तम. रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी निखाऱ्यावर भाजलेली छोटी केळी चाखून पाहावीत. गोड कमी, पिठूळ जास्त, आणि आपल्याकडे कोणी गाडीवर का विकत नाही असा प्रश्न पडतो.

मांसाहारी असाल तर नाकलुआच्या लान पो बाजारात जावं. हे पटायापेक्षा जुनं कोळ्यांचं ठाणं. टोपल्यांतून कोळंबी, खेकडे, मासे वजनावर घ्यायचे आणि शेजारीच थोडे पैसे देऊन भाजून किंवा वाफवून घ्यायचे, मग समोरच्या बागेत चटई टाकून खायचे. बीच रोडवरच्या हॉटेलांत याच मालाला कितीतरी जास्त मोजावे लागतात. घरून न्यायचं तर शेव, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. ठेचा आणि लोणचं चेक-इन बॅगेतच, डब्याला दोन पिशव्या. हातातल्या बॅगेतून सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

कागदावर नसलेला दिवस

पटायात तिसरी रात्र घ्यावी असं म्हणण्याचं कारण पुढच्या तीन जागा.

नाकलुआला समुद्राच्या अगदी काठावर सँक्चुअरी ऑफ ट्रुथ आहे. लेक विरियाफांत या उद्योजकाने १९८१ मध्ये हे काम सुरू केलं. ते २००० मध्ये वारले, काम अजून चालू आहे. सगळी इमारत लाकडाची, उंची साधारण १०५ मीटर, जोडणी जुन्या पद्धतीच्या खाचा-खुंट्यांची. चार बाजूंना चार दालनं : थाई, ख्मेर (म्हणजे कंबोडियाचं), चिनी, भारतीय. ब्रह्मा, विष्णू, महेश, गणपती लाकडात जागोजाग भेटतात, त्यामुळे आपल्या ज्येष्ठांना गाइडची फारशी गरज पडत नाही. खारं वारं लाकूड खातं, म्हणून एका बाजूला जुनं राखाडी झालेलं कोरीवकाम उतरवतात आणि दुसऱ्या बाजूला नवं पिवळसर चढवतात; कारागीर छिन्नी चालवताना समोर दिसतात. पटायातली सगळ्यात मोलाची जागा हीच, आणि पॅकेजमध्ये ती नसते, कारण तिथे दोन-अडीच तास लागतात आणि वाटेत दुकान नाही. तिकीट साधारण पाचशे बाथ. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. डोक्यावर हेल्मेट देतात, ते घालावंच लागतं. दुपारचं ऊन टाळून सकाळी जावं.

दक्षिणेला अठरा-वीस किलोमीटरवर नोंग नूच बाग. पिसित आणि नोंगनूच तानसाचा या दांपत्याने १९५४ मध्ये जवळपास ६०० एकर जमीन घेतली ती फळबागेसाठी. पुढे मन बदललं, शोभेची झाडं लावली आणि १९८० मध्ये बाग लोकांना खुली केली. इथला सायकॅडचा, म्हणजे ताडासारख्या दिसणाऱ्या प्राचीन झाडांचा, संग्रह जगातल्या मोठ्या संग्रहांत धरला जातो. शेतीवाल्या माणसाला इथे अर्धा दिवस पुरत नाही : ठिबक, छाटणी, कुंडीतली माती, ताडांच्या जाती, सगळं जवळून बघता येतं. नाचाचा कार्यक्रम ठीक, हत्तींचा खेळ टाळला तरी चालेल. हत्तीला सायकल चालवताना बघण्यात काय मजा आहे कळत नाही. एक सूचना कृषी केंद्रवाल्यांना खास. तिथून कलम, रोप, बी किंवा ऑर्किड बॅगेत घालून आणू नये. भारताच्या २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि तिथलं रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दोन्ही लागतं. नसेल तर विमानतळावर माल जप्त होतो. एखादी नवी कीड बागेत आणली तर नुकसान एकट्याचं होत नाही.

नोंग नूचपासून जवळच खाओ ची चान : चुनखडीच्या डोंगराचा कडा सपाट करून त्यावर लेझरने बुद्धाची रेखाकृती कोरली आणि सोनेरी भरली, उंची शंभर मीटरहून जास्त. राजा भूमिबोल यांच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली त्या निमित्ताने, १९९६ मध्ये. प्रवेश फुकट. सकाळी ऊन समोरून पडतं तेव्हा फोटो चांगला येतो. परतताना प्राटुमनाक टेकडीवर वात फ्रा याई, १८ मीटरचा बसलेला बुद्ध. जिना बराच आहे, गुडघेदुखीवाल्यांना गाडी वरपर्यंत नेता येते. पिंजऱ्यातले पक्षी सोडायला देणारे भेटतील. पैसे देऊ नयेत, तेच पक्षी पुन्हा पकडून आणतात.

वॉकिंग स्ट्रीटबद्दल आडपडदा नको. संध्याकाळनंतर वाहनं बंद होणारा अर्धा किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना बार, गोगो, डिस्को. कुटुंबाने आठच्या सुमारास एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालत जायला भीती नाही. डीलर मंडळींना सांगायचं ते एवढंच : रस्त्यावरचा माणूस हातात किमतीचा कागद देऊन वरच्या मजल्यावरच्या ‘शो’ला बोलावतो, तिथे बिल कागदावरच्या किमतीचं येत नाही. वेश्याव्यवसाय थायलंडमध्येही कायद्याने बंद आहे, उघडा दिसतो म्हणून कायदेशीर समजू नये. ई-सिगारेट नेऊ नये. आणि रात्री खोलीत रमी-तीन पत्तीचा फड अजिबात बसवू नये, भो. १९३५ च्या थाई कायद्याने परवान्याशिवाय १२० हून जास्त पत्ते जवळ ठेवणं गुन्हा आहे, तीन कॅट झाले की मर्यादा ओलांडली. पैशांचा जुगार तर वेगळा गुन्हा. २०१६ मध्ये पटायात ब्रिज खेळत बसलेल्या तीसेक म्हाताऱ्या परदेशी लोकांनाही पोलिसांनी उचललं होतं.

गाडी, बाथ आणि दुकानं

शहरात फिरायला गाइडची गाडी लागत नाही. बीच रोडवर वाहतूक उत्तरेकडून दक्षिणेकडे, सेकंड रोडवर उलट. सोंगथाव या चौकटीत फिरत राहतात. हात करायचा, बसायचं, छताची घंटी दाबून उतरायचं आणि चालकाच्या खिडकीशी दहाचं नाणं द्यायचं. ‘किती घेणार?’ विचारलं की तो सगळी गाडी भाड्याने घेतली असं धरतो आणि दोनशे सांगतो. जोमतिएनसाठी सेकंड रोड आणि साउथ पटाया रोडच्या कोपऱ्यावरून, नाकलुआसाठी डॉल्फिनच्या चौकातून. लांबच्या जागांना बोल्ट किंवा ग्रॅब या मोबाइल अॅपवरची टॅक्सी. स्कूटर मात्र आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर घेऊ नये. अपघात झाला तर प्रवास विमा पैसे नाकारतो.

हिशोबाला एक बाथ म्हणजे तीन रुपये धरावे, वर काही उरलं तर आनंद. विमानतळावर लागतील तेवढेच बदलावे, बाकी शहरातल्या बदली केंद्रांत. शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटेला छोट्या नोटांपेक्षा चांगला भाव मिळतो, दुमडलेली किंवा पेनाने खूण केलेली नोट परत करतात. भारतीय कार्डावर एटीएम दर वेळी २२० बाथच्या पुढे शुल्क कापतं, म्हणून दोन-दोन हजार चारदा काढण्यापेक्षा एकदाच काढावेत.

कागदावर बारीक अक्षरात ‘जेम्स गॅलरी’ असते. छोट्या गाडीत बसवून रत्नांच्या खाणीचा देखावा दाखवतात आणि मग दालनात सोडतात. देखावा बघावा, खरेदी करू नये. सोनं-हिऱ्यात जळगावच्या सराफ बाजारात मुरलेल्या माणसाला हे सांगायला नको, तरी एसीत बसवून थंड पेय हातात दिलं की भले भले नीलम घेऊन निघतात. इथे परत करायची, बदलायची किंवा मोडीची सोय तिकिटाएवढीच लांब.

पैसे भरण्याआधी

विमानासह मुंबईहून माणशी चाळीस ते पन्नास हजारांच्या घरात हे पॅकेज विकलं जातं; मे आणि डिसेंबरअखेर वर जातं, जुलै ते सप्टेंबर खाली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी आणि समुद्र शांत. सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळ्यात जास्त पाऊस. एप्रिलमध्ये सोंगक्रानचा पाण्याचा सण देशभर १३ ते १५ ला आटोपतो, पटायात मात्र १९ पर्यंत चालतो. त्या दिवसांत मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत आणि गाडी कोंडीत.

एजंटला सांगायचं ते असं : पटाया तीन रात्री, बँकॉक एक, हॉटेल नाकलुआ, नॉर्थ पटाया किंवा जोमतिएनला, जेम्स गॅलरी वगळा, कोरल आयलंड हवं तर फलाटावरचे थांबे नकोत, नाहीतर तेवढी रक्कम कमी करा, आम्ही फेरीने जाऊ. बारापेक्षा जास्त माणसं असतील तर स्वतंत्र गाडी मागावी. इतरांसोबतच्या गाडीत आठ हॉटेलं फिरून माणसं गोळा करण्यात रोज तास जातो. हॉटेलचं नाव ‘किंवा तत्सम’ न लिहिता नेमकं लिहून घ्यावं. गाइड-चालकाची टिप आत की बाहेर, तेही. परदेशी पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घेतो. तो खर्च नसून पॅनवर जमा होणारी रक्कम आहे, रिटर्न भरताना वळती करून घेता येते. त्यासाठी टीसीएसचं प्रमाणपत्र मागावं, आणि एकत्र बुकिंग केलं असेल तर ते कोणाच्या पॅनवर निघणार हे पैसे भरतानाच ठरवावं.